जांभळी रायफल आणि सात नंबरची चिठ्ठी

फोर्ट केंट, मेन
१४ ऑक्टोबर १९८४

चि. लोरेट हिला दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे, पण माझी अब्रू नाही. तू मागे लागलीस म्हणून सप्टेंबरात तुमच्या कारखान्याची नवी रायफल घेतली. दुकानातल्या दिव्याखाली ती काळीभोर दिसली. घरी येऊन अंगणात उन्हात धरली, तर नळी काळी आणि तिच्या मागची पेटी, काडतूस बसतं तो भाग, चक्क जांभळी! शेजारचा ल्युसिएन कुंपणावर ओणवा होऊन म्हणाला की आर्मां, बंदूक आणलीस की बीटाच्या लोणच्याची बरणी? तेव्हापासून गावात मी बीटवाला झालो आहे.

एवढ्यावर भागलं नाही. महिना व्हायच्या आत नळीवर आणि बोल्टवर गंजाचे ठिपके आले. दस्ता फुगून नळीला घासायला लागला. उघडून पाहिलं तर बाहेरून आरशासारखं वार्निश आणि आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, कोरं लाकूड. चाळीस वर्षं मी शहरी शिकाऱ्यांना जंगलात फिरवलं आणि बंदूक पुसायची कशी यावर इतकी प्रवचनं दिली की दोघे-तिघे कंटाळून परत गेले. आणि माझ्याच हातात गंजकी बंदूक!

कारखान्याला तीन पानी तक्रार धाडली आहे. खोक्यात तपासनिसाची चिठ्ठी होती, नंबर सात. तीही सोबत जोडली. तू तिथेच मुलाम्याच्या खात्यात आहेस, तर हा सात नंबरचा आंधळा कोण ते शोध आणि माझ्या वतीने त्याचे कान उपट.

थंडी सुरू झाली. छातीला जप. लोभ आहेच, तो फिका पडू देऊ नये.

तुझा,
आर्मां

*

कटलर्स मिल, व्हरमाँट
२४ ऑक्टोबर १९८४

ती. दादास लोरेटचा सा. न. वि. वि.

तुझी तीन पानं पोचली. फोरमनने ती साऱ्या खात्यात मोठ्याने वाचून दाखवली आणि मग सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवली, कारण दादा, सात नंबर मीच आहे. कान उपटून घेतले आहेत. डावा अजून लाल आहे.

एकोणतीस वर्षं मी शेवटची तपासणी करते आणि लग्नकार्यात लोकांना ऐटीत सांगते की माझ्या नजरेतून डाग सुटत नाही. तुझ्या पत्रावर सगळं खातं हसलं. सर्वांत जास्त मी हसले, म्हणजे निदान तसं दाखवलं.

जांभळेपणाचं कारण असं की पेटी ओतीव पोलादाची असते आणि नळी वेगळ्या पोलादाची. दोन्ही एकाच क्षारांच्या उकळत्या टाक्यात बुडवतो; याला निळा मुलामा म्हणतात, दिसतो निळसर काळा. टाकं जरा कमी-जास्त तापलं की नळी निमूट काळी होते आणि पेटी रुसून जांभळी. अशी पेटी मी बाजूला काढायची, हेच माझं काम. तुझी कशी सुटली, कळत नाही. त्या दिवशी माझं लक्ष नसेल. कोऱ्या लाकडाबद्दल सुतारखात्याला सांगितलं. ते म्हणाले की आत कोण बघतं.

पण गंजाचं मला पटत नाही. आमचा मुलामा आणि वरचं तेल इतक्यात हार मानत नाही. तू ती ओली पिशवीत घातली होतीस का? खरं सांग. आणि रायफल इकडे पाठव, मी स्वतः बघते.

घाईत थांबते. रागावलास तरी पत्र लिहून रागाव.

तुझी,
लोरेट

*

फोर्ट केंट
२ नोव्हेंबर १९८४

चि. लोरेटला आशीर्वाद. वि. वि.

माझ्या बहिणीला मी कारखान्याच्या कागदावर आंधळी म्हटलं. आई असती तर लाटणं घेऊन मागे लागली असती. रायफल आज टपालाने रवाना केली.

आता गंजाचं. तू विचारलंस म्हणून सांगतो, ल्युसिएनला कळू देऊ नकोस. सप्टेंबरअखेर अस्वलामागे गेलो होतो. पर्लीच्या ओढ्याजवळच्या दलदलीत पाय गेला आणि कमरेपर्यंत रुतलो. बाहेर आलो, पण श्वास काही जागेवर येईना. दोन तास एका ओंडक्यावर बसून राहिलो. अस्वल तेवढ्यात कॅनडात पोचलं असेल. घरी आलो, ओली बंदूक ओल्या पिशवीत तशीच कोपऱ्यात उभी केली आणि अंथरुणात शिरलो तो अकरा दिवस उठलो नाही. ल्युसिएनची बायको सूप आणून द्यायची. तिला सांगितलं, सर्दी आहे.

तेव्हा गंजाचा आरोप मागे घेतो. फुगलेल्या दस्त्याचा अर्धा. जांभळ्याचा मात्र कायम आहे.

वयाचं काही नाही गं, नुसता पाय घसरला. काळजी करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

आर्मां

*

कटलर्स मिल
१९ नोव्हेंबर १९८४

ती. दादास सा. न. वि. वि.

श्वास जागेवर येत नाही, याला पाय घसरणं म्हणत नाहीत. पण आज तुला बोलायचं तोंड मला उरलेलं नाही.

तुझी रायफल आली. माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली मी ती निरखून पाहिली. गंज दिसला. बाकी काळीच. तुझी थोडी थट्टा करून कागदावर लिहिलं, रंगात दोष नाही. टाक्यावरचा जीन शेजारी उभा होता. त्याने विचारलं की बाई, तुम्ही गंमत करताय का? त्याने ती बाहेर उन्हात नेली. पाळीवरचे सगळे जमले. सगळे म्हणाले, जांभळी. मला काळी दिसत होती, दादा. फार तर तपकिरी.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो म्हणाला की भिंग पिवळं पडत जातं, मग निळा आणि जांभळा हे रंग आधी जातात, आणि इतकं हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. निळा मुलामा तपासणाऱ्या बाईचे डोळे निळा रंगच खाऊन बसले होते! शिवाय कळलं की मी दोन वर्षं काळा म्हणून जो कोट घालून अंत्यविधींना जाते, तो जांभळा आहे. दुकानदाराने काळा सांगितला नव्हता, मीच काळा समजून उचलला. गावाला वाटलं असेल, पिकार्डबाईला मेलेल्यांचा आनंद होतो.

फोरमनला सांगितलं. तो भला माणूस आहे. म्हणाला, गप्प राहा, निवृत्तीला चौदा महिने उरलेत, जंगलात कोण रंग बघतो, हरीण तर नाहीच. दोन दिवस मी गप्प राहिलेसुद्धा. त्या दोन दिवसांत प्रत्येक बंदुकीवर चिठ्ठी लावताना वाटायचं की एखाद्या आर्मांला कुणीतरी बीटवाला म्हणणार आहे. तिसऱ्या दिवशी वर साहेबांकडे गेले. त्यांनी गोदामातली माझ्या चिठ्ठीची खोकी फोडायला लावली. एकसष्ट जांभळ्या निघाल्या.

सध्या मला चिठ्ठ्यांना दोरे ओवायला बसवलं आहे. परत घेतील की नाही, कुणी सांगत नाही. दहा डिसेंबरला एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. हे फक्त तुला लिहिते आहे.

तुझी,
लोरेट

*

फोर्ट केंट
२६ नोव्हेंबर १९८४

चि. लोरेटला आशीर्वाद. वि. वि.

मी येतो आहे. नको म्हणायला वेळ मिळू नये म्हणून पत्र मुद्दाम उशिरा टाकतो. तीन बस बदलाव्या लागतात. वीस वर्षांत मी या जिल्ह्याबाहेर पडलेलो नाही, तेव्हा चुकून न्यूयॉर्कला पोचलो तर कळवीन.

सोबत कुट्टूचं पीठ आणतो, सकाळी प्लोयची धिरडी करून घालीन. माझी करपतात हे तुला ठाऊक आहे, पण एका डोळ्याने तुला ते दिसणार नाही.

साहेबांसमोर जाऊन उभी राहिलीस. मी तर ल्युसिएनला दलदलसुद्धा सांगू शकलो नाही.

दादा

*

कटलर्स मिल
२ जानेवारी १९८५

ती. दादास सा. न. वि. वि.

तू घरी सुखरूप पोचलास, असं ल्युसिएनच्या बायकोने फोनवर सांगितलं. आणि असंही सांगितलं की तू गावभर सांगतो आहेस, बहिणीने दवाखान्यात डोळा उघडताच तमाशा केला. तर काय घडलं ते नीट लिहून देते. दुकानात चिकटव.

अकरा डिसेंबरला डॉक्टरांनी पट्टी काढली. आधी खिडकी दिसली आणि तिच्यात आकाश. असा निळा रंग जगात शिल्लक आहे हे मी विसरूनच गेले होते. मला रडू आलं, नर्स म्हणाली रडू नका. मग खुर्चीत बसलेला तू दिसलास. एकोणतीस वर्षं पोटासाठी निळा रंगच पाहत आले आहे, दादा. तुझे ओठ निळे होते. नखंही. मी म्हटलं, याला तपासा. तू म्हणालास, बाहेर गारठा आहे. मी म्हटलं, इथे आत हीटरवर अंडं शिजेल. यानंतर मी ओरडले, हे कबूल.

हृदय थकलेलं आणि फुप्फुसांत पाणी. घरी असतास तर महिनाही काढला नसतास, असं डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले. ते तुला सांगायचं नव्हतं, आता सांगून टाकते. गोळ्या वेळेवर घे. जंगलात एकटं जायचं नाही.

इकडची बातमी म्हणजे साहेबांनी मला पुन्हा टेबलावर बसवलं. टेबल आता उत्तरेच्या खिडकीशी आहे, दिव्याखाली तपासायचं बंद. पहिल्याच सकाळी एकोणीस परत पाठवल्या. फोरमन माझ्याशी बोलत नाही. जीन म्हणतो, बाई, तुम्ही आंधळ्या होतात तेव्हा काम भराभर व्हायचं. दुसरा डोळा मार्चमध्ये.

जप. तुझ्यासारखं बोलून घ्यायला मला दुसरं कुणी नाही.

लोरेट

*

फोर्ट केंट
२० जानेवारी १९८५

चि. लोरेटला अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोळ्या घेतो. चार रंगांच्या आहेत, तुझ्या टेबलावरून एकही पास झाली नसती.

एकटं जायचं नाही म्हणालीस म्हणून ल्युसिएनला घेऊन सशांना गेलो. गुडघाभर बर्फ. शंभर पावलांवर दम लागला. नेहमीप्रमाणे बुटाची नाडी बांधायचं नाटक करणार होतो, पण सरळ बसलो आणि त्याला सांगून टाकलं. दलदल, अकरा दिवस, फुप्फुसातलं पाणी, सगळं. तो तोंडाकडे बघतच राहिला. आता बीटवाल्याचं काय नवं नाव पडतं याची वाट पाहत होतो.

तर तो म्हणाला, जरा या बाजूने बोल, डाव्या कानाने मला दोन वर्षं काही ऐकू येत नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. ती समजते की मी तिचं मुद्दाम ऐकत नाही, आणि त्यातच आपली इज्जत आहे.

मग आम्ही दोघं ओंडक्यावर बसून इतके हसलो, मी धापा टाकत आणि तो भलत्याच ठिकाणी, की अख्ख्या खोऱ्यातले ससे पळून गेले असतील. अंधार पडायच्या आत एकमेकांना धरून घरी आलो. त्याच्या बायकोने विचारलं, काय मिळालं? ल्युसिएनला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काही नाही, आणि दोघं पुन्हा हसायला लागलो.

मार्चमध्ये येतो. माया असू दे.

तुझा,
दादा