एल्डरशॉचा राखणदार

चिंचवड,
२६ मे १९५७

प्रिय ज्योतीराम,

तुझं ३० एप्रिलचं पत्र ९ मेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

इथं पिंपरीच्या बाजूला नव्या चाळी उठत आहेत. तुझा जोडीदार भैरू तिकडच्या एका कारखान्यात लागला. शिफ्ट संपली की तो तालमीत येतो आणि दहा जोर मारून भिंतीला टेकून झोपतो. आबा त्याला म्हणतात, "मेहनत कंपनीला, अन् घोरणं तेवढं आमच्या मातीला." भैरू हसतो आणि पुन्हा झोपतो. संध्याकाळी तालमीत आता सात-आठच पोरं असतात. आबा रोज जातात, पण डावपेच लांबून सांगण्याऐवजी पोरांना जवळ बोलावून, त्यांचे हात-खांदे धरून शिकवतात. पोरं म्हणतात, वस्ताद म्हातारपणी मऊ झाले.

तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. पूर्वी आबा ती स्वतः वाचत, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. गेल्या श्रावणात एकदा म्हणाले, "तूच वाच. तुझ्या तोंडून बरं वाटतं." तेव्हापासून मी वाचते. या हिवाळ्यात तुझ्या पत्रांत कारखान्याविषयी दोन ओळी असायच्या आणि बाकी सगळा तुमच्या त्या विलायतेतल्या गावचा फुटबॉलचा क्लब. एल्डरशॉ टाउन. वाचताना मला त्यातलं काही कळत नव्हतं. आबांनाही नव्हतं. म्हणून ते पत्र घेऊन मीरासाहेबांकडे गेले. मीरासाहेबांनी देहूरोडच्या छावणीत गोऱ्या शिपायांचे खेळायचे बूट पंधरा वर्षं शिवले. आता स्टेशनाजवळ त्यांचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी जमिनीवर ठेवलेल्या चाकाच्या रिमभोवती खडूनं मैदान आखून आबांना खेळ समजावला. हात लावला की चूक, असं सांगितल्यावर आबांनी विचारलं, "मग लढायचं कशानं?" मीरासाहेब म्हणाले, "वस्ताद, हात फक्त एकाला. जो दार राखतो त्याला." आबांना तेवढा एकच माणूस पटला. त्याला ते राखणदार म्हणू लागले.

वरच्या वर्गात बावीस क्लब असतात आणि वर्षाच्या शेवटी तळाचे दोन खालच्या वर्गात जातात, हे आबांनी लगेच समजून घेतलं. ते म्हणाले, जत्रेत सकाळी पोरांच्या कुस्त्या लागतात, बक्षीस नुसत्या रेवड्यांचं; मोठ्या जोड्या दुपारी. दुपारच्या पैलवानाला सकाळच्या रेवड्यांवर आणायचं, असंच ना हे. मीरासाहेब म्हणाले, असंच. "मग तो घरी का जात न्हाई?" "पुढल्या साली परत दुपारी लढायला." त्या दिवसापासून दर सोमवारी, पुण्याहून इंग्रजी वर्तमानपत्र आलं की आबा त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले.

डिसेंबरात तू लिहिलंस, एल्डरशॉ तळाला आलं आहे. राखणदार छत्तीस वर्षांचा आहे, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधून खेळतो, गावातले लोक त्याला शिव्या देतात आणि शनिवारी पुन्हा त्यालाच बघायला जातात. आणि शेवटी लिहिलंस: क्लब खाली गेला तर मी तरी इथं कशाला राहू, पहिल्या बोटीनं घरी येतो. ही ओळ मी जशी होती तशी वाचली. आबांनी ती पुन्हा वाचायला लावली. मी म्हटलं, गमतीत लिहिलंय त्यानं. ते म्हणाले, "पोरानं शब्द दिलाय. शब्दात गंमत नसती."

तुझी तिथल्या कारखान्यातली दोन वर्षं मार्चमध्ये संपली. तू सहा महिने वाढवून घेतलेस. आबांनी त्यावर काही विचारलं नाही. तुझ्या येण्याचा त्यांनी एकच हिशोब धरला होता: क्लब पडला तर पोर येतं, तरला तर राहतं. मी एकदा म्हटलं, सरळ लिहू का त्याला की ये. ते म्हणाले, "न्हाई. कुस्ती लागलीय, होऊ दे."

मी मात्र वाट पाहत बसले नाही. मंगळवारी आणि शनिवारी मारुतीपुढे उभी राहून मी मागत होते की एल्डरशॉ हरू दे. ते सतत हरतच होते. सोमवारी मीरासाहेब आबांना निकाल सांगत, आबा घरी येऊन मला सांगत आणि मी चेहऱ्यावर काही दिसू देत नसे. फेब्रुवारीत तू त्या अकरा जणांचा फोटो पाठवलास. आबांनी तो उजेडाकडे धरला, मग मला म्हणाले, कोण कुठं उभं आहे ते सांग. मी सांगितलं. राखणदार मधोमध, गुडघ्यांवर हात, डावा कान पैलवानासारखा चपटा. कानाचं ऐकून त्यांना आनंद झाला. "कान मोडलाय म्हणजे लढलाय," म्हणाले. फोटो त्यांनी तालमीत, मारुतीच्या कोनाड्याशेजारी लावला. भैरूनं विचारलं, वस्ताद, हे कुठले पाहुणे. "आपलेच हायत," आबा म्हणाले. "जरा अडचणीत हायत."

हनुमान जयंतीला एल्डरशॉ खालून दुसरं होतं आणि तीन सामने उरले होते. त्या दिवशी पहाटे तालमीत जन्माचं कीर्तन झालं, सुंठवडा वाटला, पोरं पांगली. आबा एकटेच मारुतीपुढे राहिले. मी नारळ घेऊन गेले होते, माझ्या मागण्यासाठी. ते हात जोडून मोठ्यानं बोलत होते. तुला माहीत आहे, ते देवाशी मनात बोलत नाहीत. मी त्यांच्या डाव्या हाताला, तीन हातांवर उभी होते. ते म्हणत होते: "मागायला आलो होतो की ती अकरा पोरं पडू देत, म्हंजी माझं एक घरी यील. रातभर तुझ्याकडं तोंड करून बसलो, पर शब्द निघत न्हाई. आजवर कुणाच्या पोराची पाठ मातीला लागू दे म्हणून मागितलं न्हाई. त्यो म्हातारा फडकी बांधून उभा हाय. त्याला राहू दे वर. राहिला तर तालमीच्या हौदाची माती माझ्या हातानं नवी करीन."

मी नारळ तसाच परत नेला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक जिंकले, एक हरले आणि २७ एप्रिलला शेवटचा सामना बरोबरीत सुटला. एका गुणानं ते वर राहिले. मीरासाहेबांनी सोमवारी निकाल सांगितला तेव्हा आबांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. हवा भरायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही. त्यानं विचारलं, काय झालं, मुलगा झाला का? मीरासाहेब म्हणाले, "नाही भावा, वस्तादांचा म्हातारा जिंकला."

मग तुझं पत्र आलं. तू आनंदात होतास. चार पानं सामन्याची आणि शेवटी पाच ओळी: क्लब तरला, आता मला परत यायचं निमित्त उरलं नाही, कंपनीनं तीन वर्षांचा नवा करार दिला, सही केली, आबांना सांग की त्यांच्या राखणदारानंच मला ठेवून घेतलं. मी सगळं वाचलं. काही गाळलं नाही. त्या पाच ओळी संपल्यावर आबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "शेवटचा चेंडू त्यानं कसा अडवला, तेवढं पुन्हा वाच." मी वाचलं. चिखलात आडवा पडून, छातीखाली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुस्तीचा हौद उकरायला घेतला. जुनी माती पोरांनी बाहेर काढली. नवी तांबडी माती गाडीनं आली. ती चाळायला, मळायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर. आठ दिवस ते मातीत गुडघ्यांवर बसून होते. प्रत्येक ढेकूळ बोटांनी शोधून फोडत होते. भैरू मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, वस्ताद मातीकडं बघतच नाहीत." मी म्हटलं, त्यांना गरज नाही.

हे तुला लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून दोनदा कागद फाडला. त्या पहाटे तीन हातांवर मी उभी असून त्यांना दिसले नाही. दोन दिवसांनी मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला आहे. उजवा दसऱ्यापर्यंत, फार तर दिवाळीपर्यंत टिकेल. शस्त्रक्रियेनं गेलेलं परत येत नाही. आबांना हे श्रावणापासून कळत होतं. येताना गाडीत ते मला म्हणाले, "डोळ्याची दोरी लावून पोराला ओढायचं न्हाई. कुस्ती सरळ झाली पाहिजे." कुस्ती सरळ झाली. ते हरले आणि त्यांनी ते मान्य केलं. पण मी वस्ताद नाही, आणि तू करारावर सही केलीस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. रात्री झोपण्यापूर्वी ते मला तुझ्या चेहऱ्याबद्दल विचारतात. भुवईवरची खूण उजवीकडे की डावीकडे, असं. मी सांगते, आणि काल माझ्या लक्षात आलं की मलाही नक्की आठवत नाही. सुएझचा कालवा पुन्हा उघडल्याचं वर्तमानपत्रात आहे. बोट आता तीन आठवड्यांत पोचते.

तुझीच,
ताई