खिडकीवरची काजळी

३ डिसेंबर
आज पण बर्फ काळा. पडताना पांढरा असतो म्हणे. मोल्दिर उठल्यापासून खोकतेय. सहा महिन्यांची पोर, आणि खोकते म्हाताऱ्या बाप्यासारखी. शेवटी शेवटी श्वासच सापडत नाही तिला. मी नुसती बघत बसते.

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर्दी आहे, या गावात सगळ्यांनाच असते. खिडक्या बंद ठेवा. आणि खोलीत मोकळी हवा खेळू द्या. मी दोन्हीला हो म्हटलं.

७ डिसेंबर
ओल्झास समोरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर असतो. आज चहात पाव बुडवत होता, तेव्हा विचारलं, त्या चिमणीतून नक्की येतं काय? नवऱ्याला असं कुणी विचारलं की बरं वाटतं. सगळं सांगितलं. कोळसा पिठासारखा दळतात, फुंकून भट्टीत सोडतात, तो हवेतल्या हवेत पेटतो. त्यावर पाण्याची वाफ, वाफेवर चाक, चाकावर वीज. आणि ऊन पाणी नळांनी घरोघर — म्हणून आपला रेडिएटर गरम. आपला कोळसा म्हणजे निम्मा दगड, राख ढीगभर. ती पाण्याचे फवारे मारून धरतात, तळ्यात सोडतात.

"आणि धरली जात नाही ती?"

"ती बारीक असते गं."

बारीक असली की झालं. मोल्दिरचा गळा पण बारीकच आहे.

९ डिसेंबर
अपा म्हणतात, नजर लागली. अपा म्हणजे माझ्या सासूबाई. सुनेनं बाळ जास्त दाखवलं म्हणे. एवढ्या थंडीत मी कुणाला दाखवणार?

कपाळाला काजळी लावायची, नजर उतरते. काजळी चुलीचीच लागते. आमच्याकडे चूल कुठली, विजेची शेगडी. मला वाटलं, सुटले. अपांनी खिडकी उघडली, बाहेरच्या कठड्यावरनं बोट फिरवलं आणि पोरीच्या कपाळाला टेकवलं. म्हणाल्या, "साऱ्या गावची चूल ती समोर आहे पोरी. तिच्यापेक्षा मोठी कुठनं आणू?"

लग्न होऊन आले तेव्हा याच घरी, नव्या सुनेची रीत म्हणून, शेगडीवरच चुलीच्या नावानं चरबी जाळून पाया पडले होते मी. आता चुलीची काजळी कशी पुसणार.

११ डिसेंबर
खोकला वाढला. अपांनी काजळी पण वाढवली.

१२ डिसेंबर
आईचा फोन. म्हणाली, घेऊन ये पोरीला, इथं माळावर दुसरं काही नाही, हवा आहे. ओल्झासला सांगितलं. म्हणाला, तिथं गार वाऱ्यानं मरेल, इथं निदान ऊब आहे. अपा म्हणाल्या, भर हिवाळ्यात सून माहेरी गेली की लोक काय समजतात ते मी बोलून दाखवायला नको. मग अर्धा तास बोलून दाखवलं.

मला काहीच कळत नाही. थंडीनं मरेल का धुरानं? चुकीचं निवडलं तर?

१५ डिसेंबर
पडदा सारला तर चिमणीतून धूर नाही. रेडिएटरला हात लावला — गार. ओल्झासचा फोन, बॉयलरचे नळ फुटले, मी बरा आहे, पोरीला गुंडाळ. अख्खी इमारत खिडक्यांना तोंडं लावून धुराची वाट बघतेय. मी पण.

१६ डिसेंबर
तिघी एका गादीवर, उंटाच्या लोकरीच्या रजईत. अपांनी स्वतःचा कोट पोरीला घातला. आमचं बोलणं वाफ होऊन दिसतं. बाहेर ताजा बर्फ पडलाय — पांढरा. अपा म्हणाल्या, कठड्यावर काजळीच नाही, आता पोरीला लावू काय?

१७ डिसेंबर
जाग आली. मोल्दिरचा आवाज नाही. नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता. साधा, सगळ्यांचा असतो तसा. रात्रभर एकदाही खोकली नाही.

अपांना उठवून दाखवलं. बराच वेळ त्या कान लावून बसल्या.

१८ डिसेंबर
धूर सुरू. खाली लोक एकमेकांच्या गळ्यात पडतायत. रेडिएटर गरम.

दुपारी खोकली.

मी पिशवी भरली. अपांनी बोट ओलं करून पोरीचं कपाळ पुसलं आणि माझे बूट दाराशी आणून ठेवले.