टॉफीला पाठवतोय

प्रिय टॅमझिन,

टॉफीने एका सकाळी मारलेली बँडिकूटची, त्या सशाएवढ्या पिशवीवाल्या प्राण्याची, मादी माझ्या बुटांपाशी आणून ठेवली आणि तिच्या पोटाखालची पिशवी हलली, तिथेच माझं सगळं बदललं. तुझी मांजर शाबासकीची वाट बघत ऐटीत बसलेली. आत एक पिल्लू जिवंत होतं.

शेजारच्या नोलाकडे धावलो. "पुन्हा त्या महाराणीनेच ना?" ती कडाडली. मीही भडकलो. म्हटलं, मांजर आहे, गाजरं खाईल का? "मग दार लाव की, गाढवा! कॉलेज सोडलंस, अक्कलही तिथेच ठेवून आलास?" तोंडाने एवढं, पण हातांनी पिल्लू अलगद घेतलं, लोकरीच्या मोज्यात घालून छातीशी धरलं.

या बँडिकूटांच्या पिशवीचं तोंड मागे असतं, गं. आई खोदताना पिल्लांच्या डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून. हे कळल्यापासून मी येडाच झालोय. रोज सकाळी नोलाच्या सफरचंदांच्या बागेत त्यांची भोकं बघत फिरतो. लांब नाक खुपसून अळ्या काढतात. मग भोकात पाला पडतो, पाणी मुरतं, काही दिवसांनी तिथेच हिरवा कोंब. अख्खी बाग उकरून भुसभुशीत करतात आणि उपकाराची भाषा नाही. नाहीतर मी! तुला एकदा विमानतळावर सोडलं, ते वर्षभर ऐकवलं.

पिल्लू मोठं झालं. काल नोलाने सोडलं, तर माझ्या बुटाचा वास घेऊन तुरुतुरु कुंपणाखाली पसार. आणि आज माझ्याच दारासमोर ताजं भोक!

तू बजावलं होतंस, टॉफीला कोंडू नकोस, झुरेल. कोंडून पाहिलं, रडून घर डोक्यावर घेते. तू असंही म्हणालीस, तिला न्यायला मी येईनच. त्या एका वाक्यावर मी या टास्मानियात तग धरून आहे. ती गेली की तुला इकडे यायला कारण उरत नाही, एवढं मला कळतं.

तरी पाठवतोय. तुझा भाऊ ब्रॅम आज बोटीने मेलबर्नला निघालाय. तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून ती कबुतरांना शिव्या देईल, बास. हे पत्र तिच्या टोपलीला बांधतोय. यायचं असेल तर आता माझ्यासाठी ये. रागाने लिहीत नाहीये, शप्पथ.

ब्रॅम हॉर्न वाजवतोय. इतके दिवस हे दार टॉफीसाठी फटीएवढं उघडं असायचं. आता टोपली उचलतो, बाहेर पडतो आणि ते घट्ट ओढून घेतो.

तुझाच,
रोरी