मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

मास्तर,

सर्वांत आधी आपण मला एक नियम शिकवलात: मिटलेल्या डोळ्यांचा फोटो दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. त्या नियमाविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. आपणांस जाऊन सोळा वर्षे झाली. मेन रोडवर आपला स्टुडिओ होता तेथे आता चपलांचे दुकान आहे. माझी पत्नी या वर्षी संक्रांत झाल्यावर आठ दिवसांनी वारली, आणि तिचा एकही फोटो माझ्यापाशी नाही. भिंतीवर जो लावला आहे त्याला मी तिचा फोटो म्हणत नाही. का म्हणत नाही, हे आपणांस समजावून सांगावे लागणार नाही, म्हणून आपणांस लिहितो.

मी दिंडोरीकडून नाशकात आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शाळेतील चित्रकलेची नोकरी सोडून आपण स्टुडिओ काढला होतात, तरी लोक आपणांस मास्तरच म्हणत. आपण विचारलेत, "शिक्षण?" मी म्हणालो, "चौथी," आणि माझी मान खाली गेली. आपण खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजावर एक निगेटिव्ह ठेवलीत आणि म्हणालात, "ही वाचायला शाळा लागत नाही. डोळा लागतो. बस." मी बसलो, तो आपण असेपर्यंत त्या मेजावरून उठलो नाही. निगेटिव्हवर पेन्सिलीने काळे केले की कागदावर ते पांढरे उमटते, हे मला प्रथम जादूसारखे वाटले, मग त्यावरच माझे पोट चालू लागले. देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची काळजी, हे सारे मी पेन्सिलीच्या टोकाने नाहीसे करत आलो. पण आपले नाव पंचक्रोशीत झाले ते दुसऱ्याच कामामुळे. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या बाजूंच्या कित्येक घरांत माणसाचा पहिला फोटो निघे तो माणूस गेल्यावरच. भिंतीला टेकवून, फेटा नीट करून, उचलण्यापूर्वी घाईने काढलेला. रामकुंडावर दहाव्याला यायचे, तर त्याआधी तो फोटो चौकटीत बसवून हवा असे. त्यांचे डोळे मी उघडत असे. आधी निगेटिव्हच्या नकलेवर पेन्सिलीने डोळ्यांतले पांढरे, मग कागदावर ब्रशने काळी बुबुळे, आणि शेवटी प्रत्येक बुबुळात उजेडाचा एक ठिपका. "घरच्यांनी रोज सकाळी उठून मढं बघायचं का?" असे आपण म्हणत होतात. मात्र मिटलेल्या डोळ्यांची मूळ निगेटिव्ह आपण कधीही फेकली नाहीत. ती कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जात असे. नियमाचा हा अर्धा भाग मी पुढे विसरलो.

रंगीत फोटोंचे दिवस आले होते, तेव्हाची एक दुपार आपणांस आठवत असेल. पेठकडील एक गृहस्थ आईचा फोटो न्यायला आले. आपण लग्नाच्या कामासाठी ओझरला गेला होतात. डोळे उघडायचे राहिले होते, त्यांची एसटी सुटत होती, दहावा दुसऱ्या दिवशी होता. मी तसाच फोटो दिला. आपण परत आलात, विचारलेत, मी खरे ते सांगितले. दुकानात चार गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यादेखत आपण म्हणालात, "चौथी पास तो चौथी पासच! एक नियम सांगितला होता, तेवढाही पाळता येईना तुला?" त्यांपैकी एक जण हसला. त्याच्या शर्टाचा रंगही मला अजून आठवतो. आपण मला नवी प्रत करायला लावलीत आणि पेठला धाडलेत: ही देऊन ये, ती फाडून टाक.

मी गेलो. फोटो आधीच कुडाच्या भिंतीवर लागला होता, त्याला झेंडूची माळ होती. घरातील सून दारात उभी राहिली. मी नवी प्रत दाखवून समजावू लागलो. तिने उघड्या डोळ्यांच्या आपल्या सासूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "डोळं कशाला उघडता, भाऊ? जलमभर जागीच व्हती ती. आता निजलीय, तर निजू द्या." तिने चहा दिला, तो घेऊन मी निघालो. नवी प्रत सावळघाटात एसटीच्या खिडकीतून सोडून दिली आणि आपणांस येऊन सांगितले, "बदलून आलो." आपण मान डोलावलीत. ते खोटे होते, मास्तर. त्या घरात तो फोटो तसाच राहिला असेल.

आता माझ्या घरातील फोटोविषयी. माझे लग्न झाल्यावर आपणच आमचा जोडीचा फोटो काढलात आणि भेट म्हणून दिलात. उजेड चमकला की माझ्या पत्नीचे डोळे मिटत असत, हसली तरी मिटत असत. "बायकोचे डोळे तूच उघड," असे आपण म्हणालात. मी दोन दिवस खपलो. आपण शाबासकी दिलीत. आपली शाबासकी वर्षातून एकदा मिळे, म्हणून मी ती घरी जाऊन सांगितली. तिने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "छान आहे हो बाई. कोण ही?" मी रागावलो. ती म्हणाली, "अहो, डोळे अगदी आमच्या थोरल्या जाऊबाईंचे आलेत. त्यांना दाखवा, खूश होतील." आणि तो फोटो तिने ट्रंकेत तळाशी ठेवला, तो चाळीस वर्षे तेथेच राहिला. ती सातवी शिकलेली होती. वर्तमानपत्र आधी मी वाचत असे, मग ती, आणि मला अडलेला शब्द ती न विचारता मोठ्याने वाचत असे, जणू स्वतःसाठीच. तिने माझी इयत्ता कधी काढली नाही.

मुलगी पुण्याला असते. गेल्या वर्षाआधीच्या दिवाळीत तिने मला एक कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा आहे, मास्तर, आणि पाठ सगळी काचेची. त्या काचेवर बोट टेकवले की फोटो निघतो, बोट सरकवले की मागचा फोटो दिसतो. काळोख्या खोलीत बसून पाण्यातून चेहरा वर येण्याची वाट पाहायची नाही. कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचे चित्र आहे. त्यावर बोट ठेवले की कॅमेरा विचारतो, पुसू का? डावीकडे होय, उजवीकडे नाही. मुलीने मला ते चार वेळा करून दाखवले. म्हणाली, "बाबा, आईचे काढत जा. तिचा एक धड फोटो नाही आपल्याकडे. आणि हे बघा, एकदा पुसला की गेला हं. मागे काही राहत नाही." तिच्या आईचे हृदय अशक्त झाले असल्याचे डॉक्टरांनी तेव्हा नुकतेच सांगितले होते. मुलीला काय म्हणायचे आहे, ते मला कळले होते.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी तिचा फोटो काढला. तुळशीला पाणी घालताना, गॅसपाशी, खिडकीत केस विंचरताना. आणि रोज तिचे डोळे मिटलेले आले. मी काचेवर पाहत असे आणि डब्यावर बोट ठेवत असे.

"अहो, राहू द्या की एखादा."

"मिटलेल्या डोळ्यांचा फोटो बाहेर जात नाही."

"हे काय दुकान आहे? आणि बाहेर कुठे जातोय तो? तुमच्या खिशात तर राहणार."

"नियम तो नियम."

"मास्तर गेले, दुकान गेलं, नियम मात्र पेन्शन खातोय!" असे म्हणून ती कामाला लागे. मला वाटे, उद्या जमेल. इतकी वर्षे ज्याने मेलेल्यांचे डोळे उघडले, त्याला जिवंत बायकोचे उघडे डोळे एकदा तरी मिळतीलच.

मार्गशीर्षातील एक सकाळ. ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली आहे. खिडकीचे ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आले आहे. मी समोर पाटावर बसून कॅमेरा धरला आहे, पण काच माझ्या बोटाला दाद देत नाही. पेन्सिल धरून माझ्या बोटांची टोके कडक झालेली आहेत. मी बोट दाबतो, मग घासतो, मग उलटे धरून पाहतो. ती मेथीची काडी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहत आहे. मग ती काही तरी बोलते आणि हसू लागते. तोंडाला पदर लावत नाही. पडलेल्या दाताची जागा दिसते. नेमके त्याच वेळी काचेला माझे बोट लागते.

तिने हात पुसून कॅमेरा मागितला. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हा ठेवा. ही मी आहे. लेकीला हाच द्या." मी "बरे" म्हणालो. ती मेथी उचलून आत गेली, फोडणीचा आवाज झाला, आणि मी डब्यावर बोट ठेवले. कॅमेऱ्याने विचारले. मी डावीकडे बोट ठेवले. या वेळी काचेने लगेच ऐकले. संध्याकाळी वाती वळताना तिने विचारले, "आहे ना हो तो?" मी म्हणालो, "आहे."

त्यानंतर दीडेक महिन्याने, एका सकाळी, दूध तापायला ठेवून ती खुर्चीत बसली. दूध उतू गेल्याच्या वासाने मी आत गेलो.

दहाव्याआधी मुलीने कॅमेरा मागितला. ती बोट सरकवत गेली. जास्वंद. जास्वंद. कॅलेंडर. समोरच्यांची गाय. पुन्हा जास्वंद. "बाबा, आईचे कुठे आहेत?" मी म्हणालो, "यंत्र बिघडले असेल." ती मला रिक्षात घालून एका कलर लॅबमध्ये घेऊन गेली. काउंटरवरच्या माणसाने कार्ड काढून संगणकात घातले, पाहिले आणि म्हणाला, "काका, कॅमेरा एकदम ओके आहे. फोटो कुणीतरी पुसलेत. वरून नवे काढलेत, आता ते मिळणं अवघड." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या लग्नाच्या अल्बमांकडे पाहिले. परतताना रिक्षात तिने माझ्या हातावर हात ठेवला. "चुकून दाबलं गेलं असेल, बाबा. तुम्हाला सवय नाही त्याची. माझंच चुकलं, मी अजून नीट शिकवायला हवं होतं." आयुष्यभर मला कोणी अडाणी म्हटलेले खपले नाही, हे आपण जाणता. त्या दिवशी मी अडाणी ठरणे पत्करले. तेच स्वस्त होते.

मग ट्रंक उघडली. जोडीच्या फोटोतून तिचा चेहरा मोठा करून घेतला आणि रामकुंडावर तोच ठेवला. जो तो म्हणाला, "काय बोलके डोळे आहेत!" आपणही शाबासकी दिली असतीत. आता रोज सकाळी ती बाई माझ्याकडे पाहते. बुबुळांतले ठिपके दोन्हीकडे अगदी बरोबर पडले आहेत.

येथवर मी असे लिहीत आलो, जणू आपला नियम पाळता पाळता माझे हे नुकसान झाले. तसे नाही, मास्तर. पेठला मी तो नियम मोडून आलो होतो आणि त्यानंतर मला एकही दिवस वाईट वाटले नव्हते. आपण तर निगेटिव्ह जपत होतात; मी तीच पुसली. मेथी निवडताना ती काय बोलली, ते मी वर लिहिले नाही. मी काचेवर बोट घासत होतो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, घासू नका, निगेटिव्ह नाही ती! चला, चौथीतून पाचवीत बसा आता. मी शिकवते." एवढेच. त्यात डंख नव्हता. उलट शिकवते म्हणाली होती. पण मला आपल्या दुकानातील ती दुपार आठवली, ती चार गिऱ्हाइके आठवली. फोटोत ती मला हसत होती, आणि हाच फोटो मुलीकडे जाणार, भिंतीवर लागणार, असे मनात आले. म्हणून पुसला. डोळे मिटलेले होते, हे निमित्त झाले. ते नसते तर मी दुसरे शोधले असते.

मुलगी दर रविवारी फोन करते. "कॅमेरा वापरता का, बाबा? पुढच्या वेळी आले की परत शिकवते." मी "बरे" म्हणतो. कॅमेरा पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

हा कागद दुसरा आहे. पहिल्यावर मी "चिरंजीव" असे लिहून पुढे मुलीचे नाव लिहिले होते. त्याखाली तासभर एक ओळही उतरली नाही. मग नवा कागद घेऊन "मास्तर" लिहिले, आणि हे एवढे सारे भराभर आले. कारण आपण हे वाचणार नाही. तिच्या नावाचा तो कागद याच कागदाखाली आहे, अजून कोरा.