पायाखालचा पत्रा

२ मार्च, मंगळवार

ती. भावजींस,

साष्टांग नमस्कार. इथली जमीन ऑइलने इतकी चिकट आहे की साष्टांग घातला तर उठता येणार नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजा.

पत्र पोचलं. जीपची पानभर चौकशी केलीत, त्याबद्दल जीपतर्फे आभार. तुमच्या जीपवाल्या मंडळींचा डोंगरातला मेळावा तोंडावर आलाय, गाडी परत हवी, बॉनेटवर ओरखडा नको, सगळं कळलं. अगदी शेवटी, सहीच्या वर, जागा उरली होती म्हणून असेल, ‘ती तुझ्याकडेच आहे ना?’ असंही लिहिलंत. ते नंतर सांगतो.

मी सध्या नदीकाठी बोटी दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये आहे. त्याआधी कुठे होतो ते विचारू नका, मलाही सलग आठवत नाही. काम मजेचं आहे. बोट आपली फसवणूक लपवत नाही. वाईट रंगवलेली बोट सरळ बुडते. इथे एक मांजर आहे, ते नेमकं ओल्या रंगावरूनच चालतं. पण ते असो.

तुमचं जीपवरचं काम बघितलं. ‘गॅरेजवाल्यांना काय कळतंय, बॉडीचं काम मी घरीच करणार’ असं म्हणून तुम्ही मेकॅनिक घालतात तसा बॉयलर सूट आणलात, तो इस्त्री केलात आणि त्यात फोटो काढलेत. फोटो झकास आले होते. बॉनेटही झकास आहे. त्यात बघून भांग पाडता येतो. मडगार्डवर मात्र मी हातोडी मारली, तर टण् व्हायच्या ऐवजी ढप् झालं. भावजी, पत्र्याला पोचा आला की लांबीचा, म्हणजे त्या भरायच्या लगद्याचा, पातळ हात फिरवायचा, घासायचा आणि रंग मारायचा. तुम्ही अख्खं मडगार्डच लांबीचं बांधलंत. पाऊस पडला असता तर त्यावर गवत उगवलं असतं.

मग डाव्या सीटपुढची रबरी चटई उचलली.

गंजलेला पत्रा कापून काढतात आणि तिथे नवा जोडतात. एवढं तर शाळेत मागच्या बाकावर झोपणाऱ्या मलाही माहीत आहे. तुम्ही भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत, वर लांबी लिंपलीत, वर रंग, वर चटई. जसं काही भिंतीतलं भोकच बुजवताय! भोकाच्या कडेला अडकून राहिलेला एक बोळा उलगडून वाचला. राशिभविष्य होतं. ‘प्रवासात जपावे.’ तुम्ही वाचूनच कोंबला असता तर बरं झालं असतं.

हसू येत होतं खरं, पण ताई हसली नाही.

हो, ताई इथे आहे. जीप काय आपल्या पायाने चालत आली?

लंगडत उतरली आणि पहिलं वाक्य बोलली, “भटक्या, हिचं खालचं सगळं उघड. मला बघायचंय.” तोवर आम्हाला सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की डोंगरात ती दगडावरून घसरली. तुम्हीच तसं सांगितलंत आणि तिनेही मान डोलावली. खरं काय झालं ते तिने आता सांगितलं. उतारावर गाडी उसळली, तिने पाय रोवला आणि पाय तुमच्या वर्तमानपत्रातून खाली गेला. पोटरीपर्यंत. गाडी चालूच होती. आणि तुम्ही काय म्हणालात? “इतका जोर कशाला द्यायचा? फोडलीस ना फरशी!”

तरीही, तेव्हासुद्धा, मला वाटलं की माणूस बावळट आहे, दुष्ट नाही. बावळटपणावर राग धरून काय करणार? तसं मी ताईला म्हणालोही. ती म्हणाली, “आता त्याच्या बाजूची चटई उचल.”

उचलली. स्टिअरिंगखाली, तुमच्या पायाखाली, जाड नवा पत्रा. कडेने सलग वेल्डिंग, खालून प्रायमर. माझ्याकडूनही इतकं सुबक होणार नाही. म्हणजे कामाची जाण होती तर! कुठे काय लागतं ते पक्कं ठाऊक होतं. पत्रा एकाच बाजूपुरता होता, की कंटाळा आला? लिहून कळवू नका, उत्तर नकोय.

ताई त्या पत्र्यावर हात ठेवून बसून राहिली. मी उगाच चहा केला, तो मांजराने सांडला. मग ती म्हणाली, “माझ्या बाजूला असाच घाल. नाही, थांब. मीच घालते, तू दाखव.” भावजी, तिचं वेल्डिंग वाकडंतिकडं आलंय, मुंग्यांची रांग चुकल्यासारखं. पण वर उभं राहून उड्या मारल्या, हलत नाही.

आता तुमच्या जीपबद्दल आणि त्या शेवटच्या ओळीबद्दल. जीप बाबांनी ताईला दिली होती, तुम्ही फक्त चालवत होता. तेव्हा मेळाव्याला दुसरी काहीतरी सोय बघा. मी ताईला विचारलं, तू कधी परत येणार म्हणून कळवू? ती ग्राइंडर बंद करून म्हणाली, “येणार नाही म्हणून कळव. कारण लिहू नकोस, त्याला माहीत आहे.”

म्हणून कारण लिहिलं नाही.

कळलं असेलच. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, पण नसला तर बरं.

तुमचा कालपर्यंतचा
मेहुणा