रुक्माच्या पोर्चला माझी हरकत

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
नवीन वर्षाचं रिझोल्यूशन (सहा दिवस उशिरा, पण पक्कं): शेजाऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही.

सायंकाळी ६.१५
पाच वाजता रुक्माच्या पोर्चमध्ये चहा. रोजचा. रुक्मा म्हणे, ताई, पोर्च बंद करून खोली काढून राहिलो, यांच्यासाठी. हिरालालभाऊंना लकवा झाल्यापासून जिना चढवत नाही, आणि बेडरूम-बाथरूम वर. नक्शा निगमात, म्हणजे इथल्या पालिकेत, मंजुरीला दिला म्हणे. मी म्हटलं, व्हेरी गुड, पण तुझा मुलगा भूपेंद्र दर शनिवारी रायपूरहून येतो त्याची गाडी? म्हणे, गल्लीत, ताई. अजून कुठं?
गल्लीत! जिचं तोंड थेट हायवेच्या सर्व्हिस रोडवर उघडतं! बत्तीस वर्षं प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढलेल्या बाईला हे ऐकवायचं.

७ जानेवारी, मंगळवार
गच्चीवरून निरीक्षण, चार ते पाच, चहाच्या आधी. प्लांटमधल्यासारखं 'निअर मिस' रजिस्टर उघडलं. निअर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. आजचे: १) कोचिंगची मुलगी, स्कूटी, करकचून ब्रेक. २) दूधवाला. ३) गाय. लागलं नाही, पण दचकली. ४) खोडला. तो जिन्यात माझाच पाय घसरला होता.
गल्लीत गाडी नसताना ही अवस्था!

९ जानेवारी, गुरुवार
निगमाला पत्र पाठवलं. इंग्लिश, फाउंटन पेन, कर्सिव्ह. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाबासकी दिली असती. सही: 'ए कन्सर्न्ड सिटिझन'. कुणाला कळायचं कारण नाही.
माझी वेताची खुर्ची एकोणीस वर्षं त्याच पोर्चमध्ये आहे, त्याचा इथं काहीही संबंध नाही. माझा स्वतःचा पोर्च मी २००९मध्ये बंद करून स्टडी केली हे खरं. तेव्हा ट्रॅफिक कमी होता.

१७ जानेवारी, शुक्रवार
रुक्मा पत्राची झेरॉक्स घेऊन आली. निगमाचा माणूस देऊन गेला. म्हणे, ताई, काय लिवलं हाय, वाचून द्या.
रुक्मा शाळेत गेली नाही. तिची बँकेची, दवाखान्याची, भूपेंद्रच्या शाळेची पत्रं मीच वाचते, मीच लिहिते. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. वाचलं, आणि मराठीत सांगितलं. आवाज स्टेडी होता. 'मनुष्यजीवितास गंभीर धोका' इथं थोडी अडखळले.
ती कागदाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. म्हणे, कावून केलं असन वो त्यानं? माझ्यावर राग असन का? मी म्हटलं, राग कसला, सेफ्टी. म्हणे, मागं घेता येत असन ना त्याले? मी म्हटलं, प्रोसिजर बघावी लागेल. चहा तसाच ठेवला. मग म्हणे, जवाबही तुमीच लिहून द्या.

१८ जानेवारी, शनिवार
जवाब लिहिला. कॅपिटल अक्षरांत, म्हणजे दोन्ही पत्रं एका हाताची वाटू नयेत. तिची बाजू फारच बळकट व्हायला लागली, म्हणून दोन वाक्यं काढली. एक होतं, 'पेशंटला बाथरूमसाठी दोघांनी उचलून वर न्यावं लागतं.'
रुक्माने ती मोठी अक्षरं बघितली आणि कागदाची घडी घातली.

२० जानेवारी, सोमवार
ठरलं. हरकत मागे घेते. आज गुडघा दुखतोय. उद्या नक्की.

२१ जानेवारी, मंगळवार
ऑटोने निघाले. वाटेत सुपेल्याच्या चौकात पाऊण तास जाम. असला ट्रॅफिक डोळ्यांनी बघून सेफ्टीची हरकत मागे घ्यायची? तिथूनच परत आले.

२६ जानेवारी, रविवार
निगम बंद. नाहीतर गेलेच असते.
भूपेंद्र आणि सुगत ऑटोवाल्याने हिरालालभाऊंना वर नेलं. माझ्या वेताच्या खुर्चीत बसवून, हलकी म्हणून. सातव्या पायरीवर सुगतचा पाय सुटला. भाऊंनी कठडा धरला, एका हाताने. दुसरा उचलतच नाही. पडले नाहीत. रुक्मा खाली उभी होती, दोन्ही हात वर करून.
रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. घरातलं आपल्या कक्षेत येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
नक्शा नामंजूर. कारण: गाडी ठेवायची जागा जाते, वाहनं रस्त्यावर येतील. माझाच मुद्दा. जिंकले.
पाच वाजता नेहमीसारखी गेले. चहा झाला. साखर विसरली होती, मी तसाच प्यायले.

२३ फेब्रुवारी, रविवार
भूपेंद्र दोघांना रायपूरला घेऊन गेला. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे.
जाण्याआधी रुक्मा माझी खुर्ची घेऊन आली. म्हणे, ताई, वाचता नाई येत मले, पन तुमचं अक्षर ओळखता येते. भूपेंद्रच्या फी माफीचा तुमी लिवलेला अर्ज अजून पेटीत हाय माझ्या. त्या दिवशी झेरॉक्स वाचून घ्याले नोती आली मी. तुमी सोताहून सांगान, म्हणून आली होती.
मी म्हटलं, सेफ्टीचा प्रश्न होता, रुक्मा.
ती म्हणे, हो. मग म्हणे, नक्शा त पाहाचा होता, ताई. तुमच्या बाजूनं दरवाजा ठेवला होता. आन् बाहेर ओटा, तुमच्या खुर्चीपुरता.

१५ मार्च, शनिवार. सायंकाळी ६
रुक्माच्या घरात कोचिंगवाले सर भाड्याने आले. मोठी पांढरी गाडी. पूर्ण पोर्चच्या आत. गेट बंद. गल्ली मोकळी. पाच ते सहा, निअर मिस: शून्य.
रायपूरला फोन केला की भूपेंद्र उचलतो आणि आई झोपली म्हणतो. पाच वाजता कोण झोपतं?
शेवटी पत्र लिहायला बसले. सोप्या मराठीत, चांगल्या अक्षरात. सेफ्टीचा विषय काढला नाही. चार ओळी झाल्या, त्यांतल्या दोन माफीच्या. मग आठवलं, रुक्माची पत्रं वाचून दाखवायचं काम माझं आहे.