शिंपी की वटवट्या

चौल,
६ जुलै २०२५

चि. अनुयास,
बापूंचे अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरची तुझी खोली गळत नाही ना, ते आधी कळव. फोनवर तू सगळ्याला ‘बरं आहे’ म्हणून मोकळी होतेस. पत्रात तसं सुटता येत नाही, म्हणून मी आपला पत्रच लिहिणार.

बातमी अशी, की ज्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला आणि विज्ञान शिकवलं, तिथल्या मुख्याध्यापिका मृणालबाई परवा घरी आल्या होत्या. व्हरांड्याच्या लांब भिंतीवर परसातले पक्षी काढायचेत, आणि ते मीच काढायचे, म्हणाल्या. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. मी वय चौऱ्याहत्तर असल्याचं सांगून पाहिलं, तर शिडी धरायला दोन शिक्षक देते म्हणाल्या. संपलंच!

पहिला मान शिंप्याचा. भेंडीचं पान शिवून यंदाही त्याने परसात घरटं केलंय. सोबत कच्चं चित्र पाठवतोय. राखी डोकं, विटकरी पोट, लाल डोळा, शेपटी ताठ वर. भिंतीवर हा हातभर होईल. तू प्राणिशास्त्रवाली, तेव्हा बारकाईने बघ आणि भरपूर कौतुक कर.

आजी विचारतेय, पापड पुरले का. उत्तर धाड, आणि म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझे,
बापू


कोल्हापूर,
१३ जुलै २०२५

ती. बापूंना,
अनुयाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

खोली गळत नाही. पापड मैत्रिणींनी दोन दिवसांत संपवले.

चित्र फार सुंदर आहे. पुढचं कसं लिहू म्हणून दोन कागद फाडले. बापू, हा शिंपी नाही. हा राखी वटवट्या. शिंप्याच्या डोक्यावर तांबूस टोपी असते, पाठ हिरवट, पोट पांढुरकं. दोघंही एवढेसे, दोघंही शेपटी उभारून झुडपात उड्या मारतात. आणि खरा घोटाळा घरट्याने होतो, कारण वटवट्याही कधी कधी पान शिवतो. तो उडाला की चटचट आवाज येतो बघा. शिंपी ओरडतो तो टुविट टुविट, अंगाच्या मानाने फारच मोठ्याने.

शाळेतली मुलं भिंतीवरचं नाव रोज वाचतील, म्हणून राहवलं नाही. आजीला नमस्कार. रागावू नका, आणि आहे तो लोभ कमी करू नका.

तुमची,
अनुया


चौल,
१९ जुलै २०२५

चि. अनुया,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून मी हा पक्षी पाहतोय. जे काढलंय ते पुस्तकात बघून नाही, डोळ्यांनी पाहून काढलंय. कालच तो भिंतीवर पुरा झाला. खाली ‘शिंपी’ असं ठळक लिहिलंय.

आजी म्हणते, मी चिडलोय. मी चिडलेलो नाही. भाकरी मात्र अर्धीच गेली.

बापू


कोल्हापूर,
२४ जुलै २०२५

ती. बापूंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमची अर्धी भाकरी वाचून मला रडू आलं. तुमचं चित्र चुकलेलंच नाही. चुकलं ते फक्त नाव. तुम्ही न पाहता काढलं असतंत, तर मला तो ओळखताच आला नसता! तुमचं चित्र मी आमच्या सरांना दाखवलं, काही न सांगता. चष्मा शोधत शोधतच ते ‘वटवट्या’ म्हणाले, आणि एवढा जिवंत डोळा कुणी काढला म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, माझ्या आजोबांनी.

पक्ष्यापुढे गप्प बसून राहायचं कसं, हे मला तुम्हीच शिकवलंत, आपल्या त्याच परसात. आता माझ्यासाठी एकदा बसा, कान देऊन. मग भिंतीवर जे ठेवाल ते मला मान्य.

वाट पाहतेय. जवळची समजत राहा.

अनुया


चौल,
१७ ऑगस्ट २०२५

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी.

चार सकाळी छत्री धरून परसात खुर्चीवर बसलो. आजी चहा देऊन गेली नि म्हणाली, पक्ष्यांना बुजगावणं वाटत असाल. चौथ्या दिवशी भेंडीतून आपला ‘शिंपी’ उडाला आणि वाळक्या काटक्या मोडाव्यात तशी चटचट ऐकू आली. इतकी वर्षं ती चटचट मी पानांची समजत होतो! तेवढ्यात जास्वंदीवर टुविट टुविट सुरू झालं. पाहतो तर तांबडी टोपी, हिरवट पाठ. मी एकटाच मोठ्याने हसत सुटलो. आजी धावत बाहेर आली.

भिंतीवरचं नाव खरवडून ‘वटवट्या’ लिहिलं आणि शेजारी खरा शिंपी काढला. पण अख्ख्या गावाला मी चुकीचं शिकवलं, त्याचं काय? पंधरा ऑगस्टला सगळ्यांसमोर उभा राहिलो. सांगून टाकलं, की एकतीस वर्षं मी तुम्हाला वटवट्या दाखवून शिंपी म्हणायला लावलं, माफ करा. मागून गुणाजी उठला. माझा जुना विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा, वाड्यांतले नारळ पाडतो. त्याने विचारलं, मग सर, तेव्हाचे मार्क परत करायचे का? सगळी शाळा हसली. मृणालबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

काल सकाळी सात वाजता हाच गुणाजी चिखलात सायकल घालून दारात हजर. त्याच्या वांग्याच्या झाडावर पान शिवलेलं सापडलं होतं. मी काही सांगायचं नाही, तो स्वतः ओळखणार, अशी त्याची अट. दोघं वांग्यांसमोर उकिडवे बसलो. माझे गुडघे बोंबलत होते. अर्ध्या तासाने पक्षी आला. गुणाजीने बराच वेळ पाहिलं, ऐकलं, आणि कुजबुजला, की सर, टोपी तांबडी हाय, आवाज मोठा हाय, चटचट न्हाय, शिंपीच.

बरोबर होतं. शाळेत मी त्याला कधी पस्तिसाच्या वर गुण दिले नव्हते. मी त्याच्या पाठीवर थाप मारून शाबास म्हणालो, तर एवढा दाढीमिश्यांचा बाप्या, लाजून वांगी तोडायलाच लागला. टोपलीभर वांगी घेऊन घरी आलो.

दिवाळीला ये. तोवर म्हाताऱ्याला असंच धाकात ठेव.

तुझाच,
बापू